किल्ली कुठं आहे?

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात नळाला चार दिवसांनी, कधी पाचव्या दिवशी पाणी येतं. रात्रीची पाळी असली की अख्खी गल्ली जागी असते. पिंपं, घागरी, पाइप, मोटारी, कुणाची मोटार जास्त ओढते यावरून वाद. अशा रात्री चोर गल्लीत पाय ठेवत नाही, हे माझं तीस वर्षांचं निरीक्षण. भीती मधल्या रात्रींची असते. उन्हाळ्यात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की दारं लावून, कूलर लावून सगळे गाढ झोपतात. कूलरच्या घरघरीत शेजारी काय चाललंय ते कुणालाच ऐकू येत नाही.

२०२४ च्या मे महिन्यातली ती रात्र अशीच, बिनपाण्याची होती. मी वायरमन आहे, त्यामुळे वायर जळल्याचा वास मला झोपेतही कळतो. अडीचच्या सुमारास त्या वासानंच जाग आली. बाहेर आलो तर समोरच्या अव्वांच्या जिन्याखाली मीटर बोर्ड पेटलेला. खाली चार माग, तेही बंद. वरच्या मजल्यावर अव्वा, त्यांचा मुलगा, सून, दोन नातवंडं आणि सुट्टीला आलेला भाचा, अशी सहा माणसं. जिन्याच्या तोंडाशी चॅनल गेट, आणि त्याला आतून कुलूप.

जिना म्हणजे धुराड्यासारखा असतो. खाली पेटलं की धूर सरळ वर ओढला जातो. ज्वाळा अजून दोन फुटांच्याही नव्हत्या, पण वरच्या खोलीत काळोख झाला होता. अव्वांचा मुलगा आण्णा खिडकीच्या ग्रिलला धरून ओरडत होते, "किल्ली सापडंना ओ! किल्ली कुठं हाय ते कळंना!"

मेन स्विच पाडून उपयोग नव्हता. मेन स्विच मीटरच्या पुढे असतो आणि जळत होती ती खांबावरून मीटरला येणारी वायर. तिचा प्रवाह घरातून बंद करता येत नाही, खांबावरूनच तोडावा लागतो. पाणी मारायला बादल्या घेऊन आलेल्या पोरांना मी अक्षरशः ढकलून मागे केलं. विजेच्या आगीवर पाणी मारलं तर मारणाराच चिकटतो. शेजारी बांधकामाच्या वाळूचा ढीग होता. घमेल्यांनी, पाट्यांनी, हातांनी, मिळेल त्यानं गेटच्या फटींतून वाळू आत फेकली. बायकोनं तोवर १०१ आणि महावितरणच्या १९१२ ला फोन लावला होता.

किल्ली अव्वांच्या कनवटीला होती. त्या आतल्या खोलीत झोपलेल्या, कानांनी कमी ऐकतात, आणि अंधारात त्यांना आधी हलवून जागं करायला लागलं. शेवटी टॉवेलात गुंडाळलेली किल्ली खिडकीतून खाली पडली, मी कुलूप काढलं, आणि ओल्या चादरी डोक्यावर घेऊन सहाही जण खाली आले. पहिल्या हाकेपासून कुलूप निघेपर्यंत सात-आठ मिनिटं गेली असतील. अव्वांना दोन दिवस ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. सगळे वाचले.

ते कुलूप लावायला मीच सांगितलं होतं. त्या आगीच्या दोन वर्षं आधी पलीकडच्या घरात चोरी झाली, तेव्हा मी घरोघरी फिरून सांगत होतो, चॅनल गेटला आतून कुलूप घाला, खिडक्यांना ग्रिल बसवा, किल्ली बाहेर ठेवू नका. त्यात खोटं काही नव्हतं. पण चोर बाहेरच राहावा म्हणून मी एवढं बोललो, आणि आतल्या माणसानं बाहेर कसं यायचं याबद्दल एक शब्द बोललो नाही. मीटर जिन्याखालून हलवा, असं मात्र एकदा म्हणालो होतो. त्यांनी "बघू" म्हटलं आणि मी पुन्हा विषय काढला नाही. ते दोन्ही मला आजही टोचतं.

त्या रात्री सगळे रस्त्यावर उभे असताना मला १९९३ आठवलं. ३० सप्टेंबरची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जनाची मिरवणूक संपवून आम्ही पोरं नुकतीच आडवी झालो होतो. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. पत्रे वाजले, फळीवरचे डबे खाली आले, आणि अख्खी गल्ली रस्त्यावर. किल्लारीला काय झालंय हे सकाळपर्यंत कुणाला कळलं नव्हतं. मग सोलापूरच्या सिव्हिलमध्ये जखमी यायला लागले आणि शहर गप्प झालं. जवळपास १० हजार माणसं गेली त्या भूकंपात. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीची जड छतं, आणि सगळे झोपेत. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. वडिलांचं एक वाक्य लक्षात राहिलं आहे. रस्त्यावर उभ्या माणसांकडं बघून त्यांनी विचारलं होतं, "माळवदावरची म्हातारी कुठाय?" कुणालाच माहीत नव्हतं. ती आतच होती, अंथरुणात बसून देवाचं नाव घेत होती. ते माळवद टिकलं म्हणून ती वाचली.

एकतीस वर्षांनी तेच. बाहेर आलेले खूप, पण आत कोण आहे, किती आहेत, चालू शकतं कोण, किल्ली कुणाकडं, यातलं एकही कुणाला पक्कं ठाऊक नव्हतं. शेजार म्हणून आम्ही एकमेकांच्या लग्नातली जेवणं वाढलेली, पण रात्री कोण कुठल्या खोलीत झोपतं ते माहीत नव्हतं.

म्हणून वही सुरू केली. लाल कापडी बांधणीची, हिशेबाची असते तशी. ती चौथ्या घरातल्या अक्कांकडे असते. अक्का विड्या वळतात. रोजचा हजाराचा हिशेब त्यांच्या बोटांत असतो, मोजणी चुकत नाही, आणि विडीच्या निमित्तानं चार घरच्या बायका रोज त्यांच्या ओसरीवर बसतात. एकवीस घरं आहेत गल्लीत. प्रत्येक घराला एक पान. किती माणसं, रात्री कोण कुठं झोपतं, कोण गच्चीवर, कुणाला धरून चालवावं लागतं, कुणाला दमा, कोण बाळंतपणाला आलीय, रात्रपाळीला मागावर कोण जातं म्हणजे त्या आठवड्यात घरात फक्त बायका-मुलं कुठं असतील, मेन स्विच कुठं, गॅसची टाकी कुठं, आणि सगळ्यात वर, लाल पेनानं: किल्ली कुठं.

आमच्या गल्लीत किल्लीला तीन नावं आहेत. मराठी घरांत किल्ली, तेलुगू घरांत ताळम चेवि म्हणजे कुलपाचा कान, आणि कन्नड घरांत कीलिकै म्हणजे कुलपाचा हात. अव्वांनीच हे मला समजावून सांगितलं, ऑक्सिजनवरून घरी आल्यावर. मला ते फार आवडलं. वहीत आम्ही तिन्ही लिहितो, कारण रात्री घाबरलेलं माणूस आपल्याच भाषेत ओरडतं.

या वहीवर पहिला आक्षेप अगदी बरोबर होता. एका मामांनी विचारलं, ही वही चोराच्या हाती लागली तर? कोण कधी घरात नसतं ते सगळं त्यात आहे. म्हणून तिचा फोटो काढायचा नाही, गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यातली एक ओळही टाकायची नाही, आणि वही दोनच माणसांनी उघडायची. ग्रुपवर लोक "आम्ही आठ दिवस तिरुपतीला" म्हणून फोटो टाकतात, तेही बंद करायला सांगितलं. फोटो परत आल्यावर टाका. घर बंद ठेवून जाताना समोरच्याला सांगा, दारातलं वर्तमानपत्र त्यानं उचलावं, संध्याकाळी एक दिवा लागेल असं बघावं. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा मी आतापर्यंत नऊ घरांत बसवलाय. त्याला बल्बच्या होल्डरमधला एक छोटा सेन्सर लागतो, बाकी काही नाही.

मग १८ मे २०२५ चा दिवस आला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली. मालकाचं कुटुंब आणि कामगार तिथंच राहायला होते. आठ जण गेले, त्यात एक लहान मूलही होतं. आग विझवायला कित्येक तास लागले. त्या दिवशी पूर्व भागात माग वाजत होते, पण बोलत कुणी नव्हतं. कारण खाली माग आणि वर बिऱ्हाड ही आमच्याकडची रीत आहे. सूत, टॉवेल, मागावर साचलेला कापसाचा धुरळा, सगळं एका ठिणगीचं धनी. आणि त्यावर झोपलेली पोरं.

त्या आठवड्यात वहीत एक नवा रकाना आला: दुसरी वाट. जिन्यानं उतरता आलं नाही तर कुठून? एकवीसपैकी चौदा घरांना उत्तर नव्हतं. सगळ्या खिडक्यांना पक्कं ग्रिल, भिंतीत ठोकलेलं. चोरासाठी ते बरोबरच. पण ग्रिल आतून उघडत नसेल तर धुरात अडकलेल्या माणसासाठी तो पिंजरा होतो. आम्ही गल्लीतल्याच वेल्डरला बसवून विचार केला. प्रत्येक मजल्यावरच्या एका खिडकीच्या ग्रिलला बिजागरी लावायची, आतून कुलूप, आणि त्याची किल्ली त्याच खिडकीशेजारी खिळ्याला, बाहेरून हात घातला तरी पोचणार नाही एवढ्या अंतरावर. बाहेरून चोराला ते ग्रिल इतरांसारखंच दिसतं. एका खिडकीला त्यानं १,८०० रुपये घेतले, तीन घरांकडून काहीच घेतलं नाही. चॅनल गेटचंही तसंच. एक किल्ली आत, गेटपासून चार-पाच हातांवर, ठरलेल्या खिळ्याला, त्यावर अंधारात चमकणारी पट्टी. दुसरी समोरच्या घरात, लखोट्यात, लखोट्यावर दोघांच्या सह्या. उशीखाली नाही, कनवटीला नाही, देव्हाऱ्यात नाही.

रात्री दिवे घालवून आम्ही एकदा करून बघितलं. ज्याच्या त्याच्या घरात, डोळ्यांवर फडकं बांधून अंथरुणातून उठायचं आणि किल्ली काढून कुलूप उघडायचं. धूर वर साचतो, खाली हवा बरी असते, म्हणून रांगत. पहिल्या वेळी निम्म्या लोकांना किल्ली सापडली पण कुलपाचं छिद्र सापडलं नाही. सगळ्यात आधी बाहेर आली ती अव्वांची नऊ वर्षांची नात. तिला विचारलं कसं गं, तर म्हणाली, मी रोज शाळेतनं आल्यावर डोळे मिटून उघडते.

विजेचं थोडं सविस्तर सांगतो, कारण ते माझ्या हातातलं आहे आणि माणसं त्यावरच जातात. बोर्डावर एमसीबी आहे म्हणून आपण सुरक्षित, असं बहुतेकांना वाटतं. एमसीबी वायर वाचवते. लोड वाढला, शॉर्ट झालं, तर पडते. माणसाला झटका बसला तर ती पडेलच असं नाही, कारण जीव घ्यायला लागणारा प्रवाह तिच्या हिशेबात फार किरकोळ असतो. त्यासाठी आरसीसीबी लागते, ज्याला बाजारात अजून बरेच जण ईएलसीबीच म्हणतात. ३० मिलिअँपिअरची घ्या. तिच्यावर टेस्टचं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं, फटकन पडली पाहिजे. आणि अर्थिंग खरं हवं. मी उघडलेल्या कितीतरी बोर्डांत अर्थिंगची हिरवी वायर कुठंच जोडलेली नव्हती, नुसती मागे दुमडून ठेवलेली होती.

सोलापूरच्या उन्हाळ्यात सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे लोखंडी कूलर. ओली फरशी, अनवाणी पाय, लहान मूल कूलरला हात लावतं. पाणी भरताना प्लग काढा, बटण बंद करून भागत नाही. नळाला लावलेल्या मोटारीचंही तेच, चालू मोटारीला ओल्या हातानं हलवू नका. हे मी शंभरदा सांगितलंय आणि पुन्हा सांगणार आहे. कुणी चिकटलंच, तर त्याला हातानं ओढू नका. आधी मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं, कोरड्या जागेवर उभं राहून वायर दूर करा. जिन्याखाली इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावून झोपू नका. तीच तुमची बाहेर पडायची वाट आहे.

गॅसचा वास आला तर उलटं: कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, दोन्हींत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर, मग फोन १९०६ ला. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून खाली झोपलेल्यांना आधी उठवा.

पावसाचं आमच्याकडं कौतुकच जास्त. पण १४ ऑक्टोबर २०२० ला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण दगावले, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये सीनेला असा पूर आला की माढा, मोहोळकडचे आमचे पाहुणे छपरांवर बसून होते. तेव्हापासून पाऊस लागून राहिला की आम्ही दोघं-तिघं टॉर्च घेऊन गल्लीतल्या जुन्या भिंती बघतो. पोट सुटलेली भिंत लगेच ओळखू येते. तिच्या बाजूला झोपणाऱ्यांची अंथरुणं त्या रात्री हलवायची, यावर चर्चा नाही. पाणी उंबऱ्याला लागलं की मेन बंद, आणि साचलेल्या पाण्यातल्या विजेच्या खांबाला आणि त्याच्या ताणाच्या तारेला हात नाही.

आता चोरांकडे येतो, कारण तिथं माझं मत थोडं बदललं आहे. कॅमेरे मी स्वतः बसवतो, पोट त्यावरही चालतं. तरी सांगतो, कॅमेरा चोरी थांबवतो हे अर्धं खरं. पोलीस फुटेज मागायला आले तेव्हा गल्लीतल्या एका डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्याचं, घड्याळ साडेतीन तास मागे होतं, दुसऱ्याचा कॅमेरा दिव्याकडं तोंड करून होता, त्यात नुसता पांढरा उजेड. तिसरा डीव्हीआर टीव्हीखालीच, चोर तोच उचलून घेऊन गेला. घड्याळ बघा, काच पुसा, डीव्हीआर लपवा. आणि म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा: रस्त्यात थांबवून "पुढं चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा" असं सांगणारा पोलीस नसतो. व्हिडिओ कॉलवर "अटक" होत नाही. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला, फोन करायचा, उद्यावर टाकायचं नाही.

पण ज्याची मला खरी धास्ती वाटते ते वेगळं आहे. २०२४ च्या पावसाळ्यात गावोगाव रात्री ड्रोन दिसल्याच्या गोष्टी फिरत होत्या. त्याच दिवसांत एका रात्री दहा वाजता आमच्या पोरांनी एकाला धरलं. पाठीवर बोचकं, भाषा निराळी, घरांचे नंबर वाचत फिरत होता. मी पोचलो तेव्हा त्याची कॉलर एकाच्या हातात होती आणि दुसरा मोबाइलवर चित्रण करत होता. माणसं वाढत होती. मी पोरांना ओरडून एकच शब्द सांगितला, राईनपाडा.

तरुण पोरांना तो आठवत नव्हता. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, आठवडी बाजारात भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जमावानं मारून टाकलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं. बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली. घरची माणसं वाट बघत होती आणि तिकडं मोबाइलवर फिरलेल्या एका खोट्या निरोपानं सगळं संपलं होतं. त्या खोलीलाही दार होतं. त्या पाच जणांना त्यातून जिवंत बाहेर पडता आलं नाही.

कॉलर सुटली. अव्वांनी त्याला ओट्यावर बसवून तांब्या दिला. आम्ही ११२ ला फोन केला, पोलीस आले. तो विजयपूरकडचा होता, आमच्या मागच्या गल्लीत मागावर कामाला असलेल्या चुलतभावाकडं निघाला होता, फोनची बॅटरी संपली होती. भाऊ आला, दोघं गळ्यात पडले. अक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. तो जाताना ज्या पोरानं कॉलर धरली होती त्यानंच त्याचं बोचकं उचलून कोपऱ्यापर्यंत नेलं.

दुसऱ्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिलं गेलं, सगळ्यांच्या सह्यांनिशी: अनोळखी माणूस दिसला तर विचारायचं, बसवायचं, पाणी द्यायचं, ११२ लावायचं, चित्रण करायचं नाही, हात लावायचा नाही. गस्तीला जाणाऱ्या पोरांकडं काठी नसते, शिट्टी आणि टॉर्च असतो. तीन लांब शिट्ट्या म्हणजे सगळे उठा. माझ्या लहानपणी मिलच्या भोंग्यावर गाव उठायचं, आता शिट्टीवर गल्ली उठते. प्रत्येक घरात एक शिट्टी आहे, किल्लीच्याच खिळ्याला.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अक्का वही घेऊन घरोघर जातात. कोण आलं, कोण गेलं, कोण आजारी. गेल्या महिन्यात टोकाच्या घरात नवे भाडेकरू आले. नवरा-बायको दोघंही रात्रपाळीला जातात आणि दोन मुलांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. त्यांना दोष देत नाही, दुसरं कोण आहे त्यांना इथं. पण ते पान अजून कोरं आहे. किल्ली द्यायला बाई संकोचते, आणि नवीन माणसानं आमच्यावर विश्वास का ठेवावा हेही मला समजतं. अव्वा म्हणाल्या, तू जाऊ नकोस, मी जाते, मुलांना रात्री माझ्याकडं झोपव म्हणून सांगते. परवा रात्री पाणी आहे. ती दोघं पाण्यासाठी घरी थांबणार आहेत. अव्वांना धरून तेवढं अंतर चालवत न्यायचं काम माझं.